टू-स्ट्रोकच्या पोटात (लेखांक ६) : फिल्टर बदलला, आता जेट बघा

गेल्या आठवड्यात प्लग वाचायला शिकलो. आज ते कामी येणार आहे.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही गल्लीत जुनी आरएक्स-१०० दिसली की साइड पॅनलच्या आत डोकावून बघा. मूळ फिल्टरपेटी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूसारखा लाल फिल्टर आवळलेला सापडेल. मालक सांगतो, ‘पिकअप वाढला.’ आवाज नक्की वाढतो. पण या फिल्टरबरोबर जेट बदलला नसेल, तर गाडी पिस्टनच्या जिवावर पळते आहे.

हवा जास्त आली म्हणून मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, एवढं सगळेच सांगतात. ते अर्धंच उत्तर आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. वर, गळ्यातून हवा वेगानं जाते तिथं दाब कमी असतो. या दोन दाबांतला फरक पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. मूळ पेटी आणि फोमचा फिल्टर हवेला थोडं अडवतात, त्यामुळे गळ्यातला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल जास्त चढतं. कारखान्यानं जेट निवडला तो हा अडथळा धरून. शंकू लावला की अडथळा गेला : हवा वाढली आणि त्याच वेळी पेट्रोलची ओढ घटली. दोन्ही बाजूंनी मार. उलट, फिल्टर धुळीनं बुजला की गाडी रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, धूर टाकते, तेही याच कारणानं.

टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल पिस्टनला थंडही करतं. ते कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो, बोअर पकडतो, आणि गाडी चालत्या गिअरमध्ये सीज होते. आरएक्सला निदान वेगळा ऑइल पंप आहे. येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे जेटमधून पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी.

आता जेट. थ्रॉटल पाव उघडेपर्यंत कारभार मुख्यतः पायलट जेट आणि एअर स्क्रूचा, मधल्या टप्प्यात निडलचा, शेवटच्या पाव भागात मेन जेटचा. शंकूच्या फिल्टरचा फटका सगळ्यात आधी मेन जेटच्या टप्प्यात जाणवतो. मूळ जेटवर समजा ९५ कोरलेलं असेल, तर सुरुवात ११० नं करा आणि एकेक पायरी खाली या. खालून वर जाऊ नका. रिच गाडी फार तर भडभडेल, प्लग काळा करेल. लीन गाडी बोअरिंगच्या खर्चात घालते.

गाडी पूर्ण थ्रॉटलवर आहे, तुम्ही तो किंचित मागे घेतला आणि ती उलट जोरात ओढू लागली, तर मेन जेट लहान आहे. थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम खाली यायला वेळ लावत असेल, तर पायलटकडे बघा. आणि मुंबईच्या उकाड्यात, गरम इंजिनालाही चोक लागत असेल, तर मिश्रण लीन आहे यात शंकाच नको. खात्री प्लगवर होते : नवा प्लग, तिसरा गिअर, काही सेकंद पूर्ण थ्रॉटल, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद. पोर्सिलीनच्या मुळाशी तपकिरी कडं हवं. ही चाचणी आरेच्या रस्त्यावर करू नका. तिथं स्पीडब्रेकर आहेत, पहाटे फिरायला येणारी माणसं आहेत, आणि बिबट्याही आहे.

जेट नवाच घ्या. ब्रेक केबलची तार घालून भोक मोठं करणारे हात उपनगरात पुष्कळ आहेत. पितळ मऊ असतं. भोक वाकडं होतं, आणि वर कोरलेला आकडा खोटा ठरतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून उचललेल्या जेटबद्दलही हीच भीती. राजदूत ३५० वाल्यांनी तर दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट एकाच आकड्याचे घालून दोन्ही प्लग वेगवेगळे तपासावेत. एक सिलिंडर छान चालतो म्हणून दुसरा सुखरूप आहे, असं नसतं.

मुंबई समुद्रसपाटीला, म्हणजे इथली हवा दाट. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. तिथं हवा दहा टक्क्यांहून जास्त विरळ असल्यानं मुंबईचा जेट तिथं रिच होईल, धोका नाही. तिथं जुळवलेला जेट घेऊन घाट उतरणं मात्र वाईट. जुळवणी जानेवारीतल्या गार सकाळी करावी, कारण तेव्हा हवा सगळ्यात घट्ट असते.

फिल्टरला हात न लावलेल्यांनीही हे वाचावं, कारण पंपावरचं पेट्रोलच बदललं आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साडेचौदा भागांच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर जुना जेट आपोआप थोडा लीन ठरतो. निडलची क्लिप एक खाच खाली सरकवून निडल वर घेतली तर मधला टप्पा सावरतो. मेन जेटला एक पायरी वाढ द्यावीच लागते.

माझ्या मते मेट्रोच्या कामांनी धुळकटलेल्या या शहरात मूळ पेटीच बरी. फोम रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलकं ऑइल चोळून बसवा आणि इथेनॉलसाठी मूळ जेटपेक्षा एकच पायरी मोठा मेन जेट घाला.

पुढच्या आठवड्यात ऑइल पंपाची केबल.