नागरिकत्व : परीक्षेचे आणि परीक्षेविना मिळालेले

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हल्ली एक नवा विषय कानी पडतो. चाकणच्या कारखान्यात काही वर्षे नोकरी करून जर्मनीला किंवा कॅनडाला गेलेला मुलगा आता तिथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणार आहे, असे आईवडील कौतुकाने सांगतात. कौतुकापाठोपाठ प्रश्नही येतात. ही परीक्षा कसली? आपल्या देशात अशी परीक्षा असते का? आणि मुलगा तिथला नागरिक झाला तर इथला राहील का? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

जर्मनीच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात. त्यांपैकी ३० प्रश्न देशाची राज्यघटना, इतिहास व समाजजीवन यांवर आणि ३ प्रश्न उमेदवार राहत असलेल्या राज्यावर असतात. किमान १७ उत्तरे बरोबर यावी लागतात. जर्मन भाषेचे ज्ञान वेगळे सिद्ध करावे लागते. कॅनडात १८ ते ५४ वर्षे वयाच्या अर्जदारास २० प्रश्न विचारले जातात व १५ उत्तरे बरोबर असावी लागतात. नव्या देशाचा इतिहास, कायदे आणि नागरिकांची कर्तव्ये माहीत असल्याशिवाय मतदानाचा हक्क देऊ नये, हा यामागील विचार आहे.

भारतात मात्र अशी लेखी परीक्षा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी व्यक्तीस देशीयकरणाने नागरिक व्हायचे असेल, तर साधारणतः एकूण १२ वर्षांचे वास्तव्य, चांगले चारित्र्य आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक असते. त्या २२ भाषांत आपली मराठीही आहे. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीस ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने अर्ज करता येतो. शेवटी संविधानाशी निष्ठा राखण्याची आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याची शपथ घ्यावी लागते.

आपल्या परिसराला हा विषय नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले. त्यानंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. घरदार सोडून आलेल्या त्या कुटुंबांना नागरिकत्वाच्या एका कागदाचे मोल काय असते, हे कोणी शिकवावे लागले नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांनी नीट समजून घ्यावे. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून अर्जदाराचे मूळ नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली आहे; पण त्यामुळे आपला कायदा बदलत नाही. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. पोर्तुगालचे नागरिकत्व घेणाऱ्या आपल्या गोवेकर कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. पुढे ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकते. त्यावर व्हिसाविना येता येते, घरही घेता येते. परंतु मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांची गावी वडिलोपार्जित शेती आहे, त्यांनी निर्णयापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

आता थोडे स्वतःकडे पाहू या. आपल्यापैकी बहुतेकांना नागरिकत्व जन्माने, कोणत्याही परीक्षेविना मिळाले. तीच प्रश्नपत्रिका आज आपल्यापुढे ठेवली तर किती उत्तरे येतील? १६६० मध्ये चाकणच्या संग्रामदुर्गावर शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याशी पन्नासहून अधिक दिवस झुंज देणारा किल्लेदार कोण? फिरंगोजी नरसाळा. चिंचवडचे चापेकर बंधू इतिहासात कशासाठी स्मरले जातात? १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या काळात त्यांनी रँडवर केलेल्या हल्ल्यासाठी. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते आणि मद्रासहून निवडून आलेले फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देणारा २५ वा आणि अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क देणारा ३० वा अनुच्छेद ज्या सभेत घडला, तेथे आपलीही माणसे बसली होती.

हे ज्ञान व्यवहारातही लागते. पिंपरी-चिंचवडला १९८२ पासून महानगरपालिका आहे, चाकणला नगरपरिषद आहे, तर महाळुंगे, निघोजे यांसारख्या गावांचा कारभार ग्रामपंचायत पाहते. पाणी आले नाही तर अर्ज कोठे द्यायचा, हे यावरूनच ठरते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे पिंपरी-चिंचवडचा कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक निवडण्याची संधी जानेवारी २०२६ मध्ये मिळाली. त्या वेळी आपल्यापैकी किती जणांची नावे येथील यादीत होती? जालना, अहिल्यानगर किंवा केरळातून आलेली कित्येक कुटुंबे भोसरीत, मोशीत वर्षानुवर्षे राहतात, पण त्यांचे नाव गावच्याच यादीत असते. मतदाराचे नाव एकाच ठिकाणी, तो सामान्यतः राहतो तेथे असावे, असा कायदा आहे. पत्ता बदलल्यास नमुना ८ आणि प्रथमच नाव नोंदवायचे असल्यास नमुना ६ भरावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही हा हक्क आहे.

परदेशी गेलेली आपली मुले रात्री जागून दुसऱ्या देशाचा इतिहास पाठ करतात. आपण निदान एक संध्याकाळ घरात संविधानाची उद्देशिका आणि ५१ (क) अनुच्छेदातील अकरा मूलभूत कर्तव्ये मुलांसह वाचू या, आणि मतदार यादीतील आपले नाव तपासून पाहू या.