डेमॉनिक रेझरेक्शन

डेमॉनिक रेझरेक्शन हा मुंबई येथील मेटल बँड आहे. गायक व गिटारवादक साहिल मखिजा यांनी २००० साली त्याची स्थापना केली. मखिजा हे 'डेमनस्टीलर' या रंगमंचीय नावाने ओळखले जातात आणि स्थापनेपासून बँडमध्ये कायम राहिलेले ते एकमेव सदस्य आहेत. बँडच्या संगीतात डेथ मेटल, ब्लॅक मेटल आणि कीबोर्डच्या साहाय्याने उभे केलेले सिंफनीसदृश स्वरपट यांचे मिश्रण आढळते. सदस्य स्वतः या मिश्रणाला 'डेमॉनिक मेटल' असे म्हणत. २०१० साली 'मेटल हॅमर' या ब्रिटिश नियतकालिकाचा गोल्डन गॉड्स पुरस्कार बँडला मिळाला.

पार्श्वभूमी

डेथ मेटल ही हेवी मेटल संगीताची अतिशय आक्रमक शाखा आहे. घशाच्या तळातून काढलेला गुरगुरता स्वर, नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या गिटारी आणि दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या बास ड्रमचा अखंड मारा ही तिची ओळख होय. १९८०च्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील पझेस्ड आणि फ्लोरिडातील डेथ या बँडनी तिचा पाया घातला. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमचा नेपाम डेथ, लिव्हरपूलचा कारकस आणि कॉव्हेंट्रीचा बोल्ट थ्रोअर हे या शाखेचे प्रमुख प्रतिनिधी होत. या तिन्ही बँडच्या वाटचालीत नॉटिंगहॅमच्या इअरेक या छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीचा मोठा वाटा होता. ब्रिटिश बँडना अशी कंपनी, आठवड्याला निघणारी संगीतविषयक नियतकालिके आणि शहरोशहरी छोटी सभागृहे घराजवळच उपलब्ध होती. मुंबईत यांपैकी फारसे काहीच नव्हते. डेमॉनिक रेझरेक्शनच्या इतिहासाचा बराच भाग ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांनी व्यापलेला आहे.

मुंबईत रॉक संगीताचे सर्वांत महत्त्वाचे व्यासपीठ म्हणजे धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह. 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक महोत्सव तेथे भरत असे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे नियम २००० साली लागू झाले आणि रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या रंगभवनातील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम त्यानंतर काही वर्षांतच थांबले. ज्या वर्षी बँड स्थापन झाला, त्याच वर्षी शहरातील या संगीताच्या मुख्य मंचाचा शेवट सुरू झाला, असे म्हणावे लागते. उरले ते मूड इंडिगोसारखे महाविद्यालयीन महोत्सव आणि उपनगरांतील मोजकी मद्यालये. तेथे श्रोते उत्साही असत, परंतु तेवढ्या उत्पन्नावर वादकांचा उदरनिर्वाह होण्याची शक्यता नव्हती.

आरंभीचा काळ

'डेमनस्टीलर' हा बँडचा पहिला अल्बम स्थापनेच्या वर्षीच, २००० साली, प्रसिद्ध झाला. ध्वनी व वादन या दोन्ही दृष्टींनी तो कच्चा आहे. तथापि स्वरचित गाण्यांचा पूर्ण लांबीचा अल्बम काढणे हेच त्या काळी धाडस होते, कारण महाविद्यालयीन स्पर्धांत प्रामुख्याने परदेशी बँडची गाणी वाजवली जात आणि श्रोत्यांचीही तीच अपेक्षा असे.

या शाखेतील भारतीय बँडचे संगीत प्रसिद्ध करण्यास कोणतीही मोठी कंपनी तयार नसल्याने मखिजा यांनी डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली. पुढे इतर बँडचे अल्बमही तिच्यामार्फत निघाले. 'रेझरेक्शन' या नावाने त्यांनी मुंबईत मेटल संगीताचे कार्यक्रमही भरवले. गायन, गिटारवादन, ध्वनिमुद्रण, प्रकाशन आणि कार्यक्रमांचे आयोजन अशी सर्व कामे त्यामुळे एकाच व्यक्तीकडे आली. सदस्यांच्या सततच्या ये-जा नंतरही बँड टिकला, याचे मुख्य कारण हेच दिसते. मखिजा यांनी याच काळात रेप्टिलियन डेथ हा अधिक शुद्ध डेथ मेटल वळणाचा प्रकल्प आणि वर्कशॉप हा विनोदी बँडही चालवला.

अंधाराची त्रयी

'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'बियाँड द डार्कनेस' (२००७) आणि 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०) ही तीन ध्वनिमुद्रणे मिळून एक त्रयी मानली जाते. यांतील मधले ध्वनिमुद्रण हे मोजक्या गाण्यांचे ईपी आहे. त्रयीच्या पहिल्या अल्बमपासून बँडची शैली स्थिरावली. गुरगुरता स्वर व स्वच्छ गळ्याचे गायन आलटून पालटून येऊ लागले, तर मेफिस्टो या नावाने वाजवणाऱ्या वादकाचे कीबोर्ड हे गिटारीच्या बरोबरीचे वाद्य बनले.

या वर्षांत बाहेरची परिस्थितीही बदलत होती. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडनचा बंगळूर येथे आणि फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत कार्यक्रम झाला. भारतात मेटल संगीताचा मोठा श्रोतृवर्ग आहे, हे त्यातून परदेशी आयोजकांच्या लक्षात आले. कॅनडाचे सॅम डन व स्कॉट मॅकफेडन यांच्या 'ग्लोबल मेटल' (२००८) या माहितीपटातही भारतातील मेटल संगीताला स्थान मिळाले.

'द रिटर्न टू डार्कनेस' भारतात डेमनस्टीलर रेकॉर्ड्सने काढला, तर भारताबाहेर तो कँडललाइट या ब्रिटिश कंपनीमार्फत प्रसिद्ध झाला. नॉर्वेच्या एम्परर आणि स्वीडनच्या ओपेथ या बँडचे सुरुवातीचे अल्बम याच कंपनीने १९९०च्या दशकात काढले होते. 'द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेंजन्स' हे या अल्बममधील सर्वपरिचित गाणे होय. त्याच वर्षी बँडने ऑस्लो येथील इन्फर्नो महोत्सवात वादन केले आणि गोल्डन गॉड्स सोहळ्यात त्याला 'ग्लोबल मेटल' या गटातील पुरस्कार देण्यात आला. इंग्लंडमधील ब्लडस्टॉक महोत्सवातही बँडने नंतर हजेरी लावली. घरच्या शहरात मंच शोधावा लागणाऱ्या बँडला सर्वांत मोठे मंच युरोपात मिळाले. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी व्हिसा आणि विमानप्रवास यांचा खर्च होता, जो गाडीत वाद्ये टाकून निघणाऱ्या युरोपीय बँडना करावा लागत नाही.

दशावतार

'द डीमन किंग' (२०१४) या अल्बमपर्यंत बँडचे विषय पाश्चात्त्य अद्भुतकथांच्या वळणाचे होते. २०१७ सालच्या 'दशावतार' या अल्बमने ही दिशा बदलली. त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या प्रत्येक अवतारावर एक अशी दहा गाणी असून भारतीय वाद्यांचाही वापर केलेला आहे. गाण्यांची भाषा मात्र पूर्वीप्रमाणे इंग्रजीच राहिली. मखिजा यांच्यासह निशीथ हेगडे (गिटार), अश्विन श्रियान (बास गिटार) आणि वीरेंद्र कैथ (ड्रम) यांनी हा अल्बम वाजवला.

महाराष्ट्रातील श्रोत्याला हा विषय परका नाही. कोकणात दशावतारी नाटकांची जुनी परंपरा आहे. तेथे संकासुराचा प्रवेश गाजतो, तर या अल्बममध्ये गुरगुरता स्वर देवाच्या वाट्याला आला आहे. नरसिंह आणि परशुराम यांच्या कथांतील संहार डेथ मेटलच्या प्रकृतीला सहज मानवतो. वामन व बुद्ध यांच्यासाठी हीच शैली वापरणे अधिक अवघड होते. नवव्या स्थानी बँडने बुद्ध घेतला आहे. महाराष्ट्रातील काही जुन्या शिल्पांत व पंचांगांत त्या जागी विठ्ठल आढळतो.

इतर कार्य आणि समकालीन बँड

मुंबईतच २००३ साली भयानक मौत आणि २००७ साली गटस्लिट हे बँड स्थापन झाले. गटस्लिट हा डेथ मेटलच्या अधिक हिंस्र उपशाखेशी निगडित असून त्यानेही युरोपात दौरे केले आहेत.

मखिजा यांचे 'हेडबँगर्स किचन' हे पाककृतींचे यूट्यूब वाहिनीरूप काम बँडच्या श्रोत्यांपलीकडे पोहोचले. आरंभी मेटल वादकांच्या मुलाखती आणि स्वयंपाक असे त्याचे स्वरूप होते. नंतर अल्प कर्बोदकांच्या कीटो आहारातील पाककृतींसाठी ते प्रसिद्ध झाले. डेमनस्टीलर या नावाने ते एकल अल्बमही काढतात. 'धिस बर्डन इज माइन' (२०१६) या अल्बमवर नाइल या अमेरिकी डेथ मेटल बँडचे ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियास यांनी वादन केले, तर 'द प्रोपगंडा मशीन' (२०२३) या अल्बमचा विषय राजकीय प्रचारयंत्रणा हा आहे.