पावसाळ्यात परसातील कोंबड्यांना माशा आणि अळ्यांचा धोका

नवी दिल्ली : दिल्ली आणि लगतच्या राजधानी क्षेत्रात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या अखेरीस दाखल होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस परततो. उष्णता व ओलावा एकत्र आलेल्या या काळात माशांची पैदास झपाट्याने होते. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ अधिक बसते, कारण त्यांच्यासाठी अंडी देणारी एक कोंबडी दगावणे हेही मोठे नुकसान असते.

घरमाशी ओल्या विष्ठेत किंवा सांडलेल्या खाद्यात एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. उष्ण हवेत दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि ७ ते १० दिवसांत नवी माशी तयार होते. त्यामुळे उडणाऱ्या माशा मारण्यापेक्षा त्यांची पैदास रोखणे अधिक परिणामकारक ठरते. त्यासाठी विष्ठा आठवड्यातून किमान दोनदा काढून दूरच्या खड्ड्यात मातीने झाकावी. तुसाची गादी नियमित खालीवर करावी, भिजलेला भाग लगेच बदलावा आणि पाण्याची भांडी गळू देऊ नयेत.

पूर्व दिल्लीत १९८४ पासून वापरात असलेली गाझीपूर कचराभूमी आणि कोंबडीबाजार जवळजवळ आहेत. बर्ड फ्लूच्या भीतीने जानेवारी २०२१ मध्ये हा बाजार काही दिवस बंद ठेवण्यात आला होता. जपानमध्ये २००४ साली बाधित कुक्कुटपालन केंद्राजवळ पकडलेल्या माशांमध्ये या रोगाचा विषाणू आढळला होता. माशा सॅल्मोनेलासारखे जिवाणूही वाहून नेतात. घरमाशी खाल्ल्याने कोंबडीला पट्टकृमीची बाधा होऊ शकते.

हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माशांचा धोका वेगळा आहे. त्या उघड्या जखमेवर किंवा हगवणीने माखलेल्या पिसांत अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मांस पोखरतात. उपचार न झाल्यास कोंबडी थोड्याच दिवसांत दगावते. म्हणून रोज शेपटीखालचा भाग व पंखांच्या मुळाशी पाहावे. सुस्ती, दुर्गंधी किंवा ओलसर पिसे दिसल्यास कोंबडी वेगळी ठेवावी, कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुऊन चिमट्याने अळ्या काढाव्यात आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. रॉकेल अथवा फिनाईल जखमेवर ओतू नये.

कोंबड्या एरवी अळ्या आवडीने खातात. मात्र कुजलेल्या मृत पक्ष्यावरील अळ्यांतून बोट्युलिझमचे विष पोटात गेल्यास मान लुळी पडून मृत्यू ओढवतो. त्यामुळे मृत कोंबडी त्याच दिवशी खोल पुरून वर चुना टाकावा. अनेक कोंबड्या अचानक दगावल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता किंवा त्या परस्पर न पुरता पशुसंवर्धन विभागाला त्वरित कळविणे आवश्यक आहे.