रुग्णाचा नकार

महाड-पोलादपूरच्या वाड्यांना लाल विंचू नवा नाही. पेंढा उचलताना, गडग्याचा दगड हलवताना तो डसतो आणि घरात दोन मते होतात. दवाखान्यात न्यायचे की भगताकडून उतरवून घ्यायचे? अशा वेळी रुग्णच म्हणाला, ‘दवाखाना नको’, तर त्याचे ऐकावे काय?

या प्रश्नाआधी शरीरात काय घडते ते पाहू. विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या लवकर मिटू देत नाही. त्यामुळे ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचू शकते. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही त्याची चिन्हे. नुसती ठणक असेल तर सहसा जिवाला धोका नसतो; ही चिन्हे दिसली तर असतो, मग ठणक कमी का असेना. घरी मात्र अंदाज ठणकेवरूनच बांधला जातो. ठणक ओसरली, म्हणजे विष उतरले! या समजुतीतून आलेल्या नकाराला आम्ही रुग्णाचा निर्णय म्हणणार नाही. कशाला नकार देत आहोत हेच त्याला ठाऊक नसते. पण म्हणून त्याला बळजबरीने उचलून न्यावे असेही नाही. धोका त्याच्या भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि वेळ थोडा असल्याने ते झटपट करावे लागते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस दगावत. गोळीमुळे हा आकडा एकाच्या आसपास आला. पुढे २०११ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरील चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. नुसत्या गोळीने बरे व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले, गोळीबरोबर प्रतिविष दिल्यास ८ तास. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे क्वचित त्याची ॲलर्जी येते. हे सारे ऐकून एखादा म्हणाला, ‘गोळी पुरे, इंजेक्शन नको’, तर तो अडाणी ठरत नाही. चाचणीत सामील व्हायला नाही म्हणणाऱ्यालाही नेहमीचा उपचार मिळालाच पाहिजे.

कायद्याची दिशाही हीच आहे. दिल्लीतील एका रुग्णाला तपासणीसाठी भूल दिली असताना, आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. सज्ञान व समजूतदार रुग्णाऐवजी आईची संमती चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवले. जीव वाचवायला तातडीने काही करणे भाग असेल, तर गोष्ट निराळी. तसे तेथे नव्हते.

समजून दिलेल्या नकाराचे उदाहरण याच जिल्ह्यातल्या गागोद्याचे आहे. तेथे जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनार येथे अन्न व औषध सोडले. १५ तारखेला ते गेले. अन्न सोडणे आणि उपचार नाकारणे एकच नव्हे, त्यावर वाद आहेत व राहतील. पण ते शुद्धीत होते, आपले म्हणणे सांगू शकत होते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांना ते शक्य नव्हते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूला इजा झाली आणि पुढची सुमारे ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांच्या वतीने बोलायचे कोणी? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला, याचिका करणाऱ्या लेखिकेला नाही. कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. स्वतः अरुणांना काय हवे होते, हे विचारायची सोय उरली नव्हती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

अशी वेळ येण्याआधीच माणसाला आपले म्हणणे लिहून ठेवता येईल, असा निकाल मार्च २०१८ मध्ये लागला. सुरुवातीला त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. साहजिकच फारसे कोणी त्या वाटेला गेले नाही. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्याचे नावही त्यात लिहिता येते.