जन्मतः निरोगी दिसणारे बाळ पुढे फिकट का पडते?

थॅलसेमियाग्रस्त बालकांचे माता-पिता आम्हांस नेहमी विचारतात, "जन्मतः बाळ ठणठणीत होते, मग काही महिन्यांतच असे फिकट का पडले?" याचे उत्तर रक्तपेशींच्या जडणघडणीत आहे.

अस्थिमज्जेतील मूळपेशींपासून रक्तपेशी तयार होतात. मूळपेशीत सर्वच जनुके असतात. मात्र त्यांपैकी कोणते केव्हा कार्यरत व्हावे, याचा क्रम ठरलेला असतो. गर्भावस्थेत गॅमा-ग्लोबिनच्या जनुकांमुळे गर्भीय हिमोग्लोबिन बनते. जन्मानंतर ती मंदावतात आणि बीटा-ग्लोबिनचे जनुक त्यांची जागा घेते. बीटा-थॅलसेमियात नेमके हेच जनुक सदोष असते. म्हणूनच आजार साधारणतः सहा महिन्यांनंतर प्रकट होऊ लागतो.

गॅमा जनुकांना शांत करणाऱ्या 'बीसीएल११ए' या घटकाची भूमिका २००८ साली उजेडात आली. रुग्णाच्याच मूळपेशींत त्याला आवर घालून गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने प्रथम मान्यता दिली.

हा उपचार अत्यंत खर्चिक आहे. त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी मिळणारे रक्त आणि साठलेले लोह बाहेर काढणारी औषधे हाच बहुसंख्य बालकांचा आधार होय. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी बाळास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यास्तव विवाहापूर्वी, निदान गर्भारपणाच्या प्रारंभी, एचबीए-२ तपासणी अवश्य करून घ्यावी आणि हितचिंतकांनी नियमित रक्तदान करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.