छत्तीस टक्के नेमके कुठे राहतात?

लॉस एंजेलिस काउंटी ही अमेरिकेतली सर्वाधिक लोकसंख्येची काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. २०१० च्या जनगणनेत तिथे ९८ लाखांहून अधिक लोक मोजले गेले आणि त्यांतल्या ३५ लाखांनी आपले मूळ मेक्सिकन असल्याचे नोंदवले. प्रमाण जवळजवळ ३६ टक्के. पण हा आकडा घेऊन तुम्ही काउंटीत हिंडायला निघालात, तर तो फारच थोड्या वस्त्यांना लागू पडेल. ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये शंभरातले ९७ रहिवासी लॅटिनो होते आणि त्यांतले बहुतेक मेक्सिकन वंशाचे. त्याच काउंटीच्या पश्चिम टोकाला, समुद्रकाठच्या मालिबूत, सगळे लॅटिनो मिळूनही शंभरात सहाच. सरासरी खरी आहे, पण ती कुठे कोण राहते हे सांगत नाही.

ते सांगणारे गणित १९५५ साली ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डंकन या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने रूढ केले. त्याला विषमता निर्देशांक म्हणू. समजा, एका गावात दोनच वस्त्या आहेत. गावातल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांपैकी ७० टक्के पहिल्या वस्तीत आणि ३० टक्के दुसरीत राहतात. गोऱ्या लोकांपैकी २० टक्के पहिलीत आणि ८० टक्के दुसरीत. पहिल्या वस्तीतला फरक ५०, दुसरीतलाही ५०. बेरीज १०० आणि तिचे निम्मे ५०. याचा अर्थ, दोन्ही गट सर्वत्र सारख्या प्रमाणात पसरायचे असतील तर एका गटातल्या निम्म्या लोकांना घर बदलावे लागेल. शून्य म्हणजे पूर्ण मिसळण, शंभर म्हणजे पूर्ण फारकत, आणि साठच्या वर गेले की अभ्यासक फारकत तीव्र मानतात. २०१० च्या आकड्यांवर लॉस एंजेलिस महानगरात लॅटिनो आणि गोरे यांच्यातला निर्देशांक साठच्या थोडा वरच होता.

इथे एक मेख आहे. वस्ती म्हणजे केवढी? अमेरिकेचे जनगणना खाते काउंटीचे लहान तुकडे पाडते. एका तुकड्यात सरासरी चार हजार माणसे, आणि या काउंटीत २०१० साली असे २,३४६ तुकडे होते. आपल्या उदाहरणातल्या दोन वस्त्यांची एकच केली, तर निर्देशांक ५० वरून थेट शून्यावर येतो. एकाही माणसाने घर बदललेले नसते! उलट तुकडे आणखी बारीक केले की तो सहसा वाढतो. भूगोलात हा जुना, पुरता न सुटलेला प्रश्न आहे. म्हणून असा निर्देशांक वाचताना तो कोणत्या आकाराच्या तुकड्यावर काढला आहे, हे आधी पाहावे लागते. शिवाय २०२० च्या जनगणनेत व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती भेसळ केलेली आहे. काउंटीच्या पातळीवर ती जाणवतही नाही, पण एखाद्या गल्लीपुरत्या आकड्यावर निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे झाले आहे.

दुसरा प्रश्न गणितापेक्षा नाजूक आहे. मोजायचे कुणाला? १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदला गेला. त्यावर मेक्सिको सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी आक्षेप घेतला आणि १९४० मध्ये ती नोंद गेली. १९५० आणि १९६० साली नैऋत्येकडच्या पाच राज्यांत चक्क आडनावांच्या यादीवरून स्पॅनिश मूळ ठरवले गेले. प्रत्येक घराला या मुळाबद्दल थेट प्रश्न विचारला गेला तो १९८० पासून. आजही अनेक नकाशे सर्व लॅटिनोंना एकाच रंगात रंगवतात. मग शहराच्या मध्याजवळचा वेस्टलेक आणि पिको-युनियन भाग ईस्ट लॉस एंजेलिससारखाच दिसू लागतो. प्रत्यक्षात तिथे एल साल्वादोर आणि ग्वाटेमालाहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. त्यांची आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांची भाषा एक असली तरी येण्याची कारणे आणि काळ वेगळे.

मग मेक्सिकन वंशाचे लोक जिथे आहेत तिथेच का आहेत? १७८१ मध्ये हे गाव वसवले तेच मुळी आजच्या मेक्सिकोतल्या सोनोरा आणि सिनालोआ भागांतून आलेल्या ४४ जणांनी. १८४८ च्या मेक्सिको-अमेरिका तहाने हा मुलूख अमेरिकेकडे गेला. १९१० नंतर मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धुमश्चक्रीतून निघालेले मजूर रेल्वेचे रूळ, वीटभट्ट्या आणि संत्र्यांच्या बागा यांच्या आसपास राहू लागले. त्या वस्त्यांच्या जागा आजच्या नकाशातही ओळखू येतात. इतरत्र अनेक घरांच्या खरेदीखतांत मात्र अट असे की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये, भाड्यानेही देऊ नये. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करायची नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ मध्ये. त्याआधी १९३९ साली गृहकर्जासाठी केलेल्या सरकारी नकाशात शहराच्या पूर्वेकडच्या बॉइल हाइट्स भागाला सर्वांत खालची, लाल श्रेणी मिळाली होती, आणि त्यामागे तिथली मिश्र वस्ती हेच कारण होते. महामंदीत तर काउंटीने स्वतः रेल्वेभाडे भरून हजारो मेक्सिकन कुटुंबांना सीमेपार पाठवले. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेची नागरिक असलेली मुले होती.

पुढे नकाशा पालटला तो कारखान्यांमुळे. आग्नेय भागातल्या साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये आणि जनरल मोटर्सचा मोटार कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. गोरे कामगार जवळच्याच वॉट्स वस्तीत १९६५ मध्ये झालेल्या दंगलीपासूनच निघू लागले होते. रिकाम्या झालेल्या घरांत मेक्सिकन कुटुंबे आली. शेजारच्या हंटिंग्टन पार्कमध्ये १९६० च्या सुमारास जवळपास सगळे गोरे होते. २०१० मध्ये ९७ टक्के लॅटिनो.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये पटावर मांडलेल्या सोंगट्यांच्या प्रारूपातून दाखवले की, शेजारी निदान काही आपल्यासारखे असावेत एवढी सौम्य इच्छाही सगळा पट दोन रंगांत विभागायला पुरते. हे प्रारूप सुंदर आहे आणि शेलिंगना २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते योग्यच. पण लॉस एंजेलिसला ते जसेच्या तसे लावणे मला अन्यायाचे वाटते. पटावरच्या सोंगटीला कुठेही जायची मुभा असते. खरेदीखताने अडवलेल्या माणसाला ती नव्हती.

या मोजणीचे सर्वांत मोठे फलित न्यायालयात दिसले. काउंटीचा कारभार पाच निवडून आलेले सुपरवायझर पाहतात. १९८१ मध्ये मतदारसंघांच्या रेषा अशा आखल्या गेल्या की पूर्वेकडची सलग लॅटिनो वस्ती दुभंगली आणि कुठेच तिचे बहुमत राहिले नाही. त्याविरुद्धच्या गार्झा खटल्यात जनगणनेच्या तुकड्यांवरून काढलेले नकाशे पुरावा म्हणून मांडले गेले, आणि १९९० मध्ये न्यायालयाने ही विभागणी हेतुपुरस्सर भेदभाव ठरवली. रेषा नव्याने आखल्या गेल्या. १९९१ मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. विसाव्या शतकात सुपरवायझरांच्या मंडळावर बसलेल्या त्या पहिल्या लॅटिनो सदस्य.