विहाराची पायरी का खचते?

वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले की विहारात सर्वांच्या आधी येऊन बसतात त्या आपल्या म्हाताऱ्या आया. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक आजी विहाराच्या दुसऱ्या पायरीवरून पडल्या. दगड डुगडुगला आणि मनगट मोडले. उरलेला वर्षावास त्या आल्याच नाहीत.

विहार वर्गणीतून बांधलेला. इमारतीला एक तडा नाही. पायऱ्या मात्र भिंतीपासून चार बोटे सुटून पुढे कलल्या होत्या. आम्ही त्या उकरल्या, तेव्हा खाली निघाले विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या आणि पाया खणताना निघालेली काळी माती! भिंत मुरमावर उभी आणि पायरी राडारोड्यावर, मग दुसरे काय होणार?

बांधवांनो, शहरातील कितीतरी इमारतींच्या पायाची माती आपल्याच आयाबहिणींनी घमेल्यातून वाहिली आहे. पाया म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आपल्या दारी पैसे संपत आले की पायरी उरल्यासुरल्या मालात उरकली जाते. घरकुलांचीही तीच कथा.

विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षी ती पायरीला वर उचलते, खाली सोडते. म्हणून पायरीच्या मापापेक्षा तिन्ही बाजूंनी अर्धा फूट जादा धरून, मुरूम लागेपर्यंत काळी माती काढावी. ती फार खोल असेल तर निदान तीन फूट तरी खणावे आणि मुरूम भरावा. हा भराव एकदम ओतू नये. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी आणि मग धुमस. गवंडी घाईत असतो, तेव्हा धुमस चालताना आपल्यापैकी कोणीतरी तिथे उभे राहावेच.

त्यावर दगडाचे नऊ इंच सोलिंग, दगड उभे लावून फटीत चिपा ठोकलेल्या. मग चार इंच काँक्रीट : सिमेंट एक, वाळू चार, खडी आठ. वरचे बांधकाम आतून भरीव हवे; चारी बाजूंनी दगड आणि पोटात माती, हे चालू देऊ नका. वरच्या पायरीचा दगड खालच्या दगडाच्या पाठीवर दोन इंच तरी टेकला पाहिजे. भिंत आणि पायरी यांच्यात अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबराने भरावी, म्हणजे पायरी थोडी हलली तरी भिंतीचा गिलावा फाटत नाही.

उंची सहा इंच, रुंदी एक फूट, आणि सगळ्या पायऱ्या एकसारख्या. एकच पायरी उंच झाली की माणूस तिथेच अडखळतो. पाणी निथळायला फुटाला पाव इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. गुळगुळीत शहाबादी फरशी ओली झाली की घात करते, तिला टाकी मारून खरबरीत करून घ्यावी. छताच्या पाण्याची धार पायरीच्या मुळाशी पडू देऊ नये.

आम्ही बुद्ध जयंतीनंतर काम काढले. मे महिन्यात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण, तेव्हा गोणपाटे अंथरली आणि घरटी दोन बादल्यांची पाळी लावून दहा दिवस ती ओली ठेवली. आजींनी धरायला एक लोखंडी पाइप मागितला होता, तोही डाव्या बाजूला बसवला. उजवे मनगट अजून पुरते वळत नाही त्यांचे.